इंग्रजी शब्द: सुरुवात सारखी, अर्थ भलताच. पोरांना कसं शिकवायचं?

निपाणी_क्लास:
मराठी माध्यमाची नववी-दहावीची पोरं आहेत. पेडेस्ट्रियनचा अर्थ 'लहान मुलांचा डॉक्टर' लिहितात, इन्व्हॅल्युएबल म्हणजे 'किंमत नसलेलं'. शब्दार्थांची यादी ए-बी-सीच्या क्रमानं पाठ करून घेतली, तर घोळ वाढलाच. काय करायचं सांगा की.

टिळकवाडीकर:
घोळ यादीमुळंच होतोय. सारखे दिसणारे दोन शब्द एका दिवशी दिले की ते एकमेकांत अडकतात. आधी पेडेस्ट्रियन एकटा द्या, चार वाक्यांत वापरून घ्या. पेडियाट्रिशियन आठवड्यानं. वहीसुद्धा अक्षरवार नको, एका पानावर एकच मूळ.

पी-ई-डी ही अक्षरं दोन वेगळ्या घरची आहेत. लॅटिन 'पेस', त्याचं षष्ठीचं रूप 'पेडिस', म्हणजे पाय. त्यातून पेडल, पेडिक्युअर, पेडेस्ट्रियन. आपला 'पाद' याचाच भाऊ, त्यामुळं 'पादचारी' फळ्यावर लिहिलं की काम झालं. दुसरं घर ग्रीक: 'पाइस' म्हणजे मूल, 'इआट्रोस' म्हणजे वैद्य, त्यातून पेडियाट्रिशियन. ब्रिटिश स्पेलिंगात पी नंतर ए-ई लिहितात, तिथं फरक डोळ्यांना दिसतो. अमेरिकनांनी तो ए काढला आणि दोन्ही घरं सारखी दिसायला लागली.

खानापूर_रोड:
गाइडात 'इन म्हणजे नाही' एवढंच छापलेलं असतं. ते अर्धंच खरं. हायवेला पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं ते बघा. तिथला इन 'आत'चा आहे, नकाराचा नाही. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ ज्वालाग्राही. उलट अर्थ हवा तर नॉन-फ्लेमेबल.

इन्व्हॅल्युएबलमधला इन मात्र नकाराचाच, पण तो 'अमूल्य'मधल्या 'अ'सारखा. अमूल्य म्हणजे फुकटचं असं कुणी म्हणतं का? मोल करता येत नाही इतकं मोठं. किंमत नसलेल्याला व्हॅल्यूलेस.

हाच नकारी इन पुढच्या अक्षराप्रमाणं रूप बदलतो. पी, बी, एम पुढं आले की इम: इम्पॉसिबल, इम्मॅच्युअर. एल पुढं इल, आर पुढं इर. अनुस्वाराचं तसंच आहे की: 'अंत'मध्ये न्, 'अंबा'मध्ये म्. आणि उत् + लेख = उल्लेख, तसं इन + लीगल = इल्लीगल. हे कळलं की इल्लीगलला दोन एल, इर्रेग्युलरला दोन आर का, ते वेगळं पाठ करावं लागत नाही. पोरं नेमकं तिथंच एक अक्षर खातात.

चिक्कोडी_२:
हायपो आणि हायपर राहिले. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपर म्हणजे वर, जास्त. हे आपल्या 'उप' आणि 'उपरि'चेच सगे. उपविभागाधिकारी कुणाच्या हाताखाली, ते इथल्या पोरांना माहीत असतं, तिथून हायपो सांगायचा. हायपोटेन्शन म्हणजे रक्तदाब कमी, हायपरटेन्शन म्हणजे जास्त. फोनवर दोन्ही एकसारखेच ऐकू येतात, म्हणून 'लो' किंवा 'हाय' म्हणायची सवय बरी.

इंटर-इंट्रासाठी एस.टी. घ्या. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात, म्हणून निपाणी–कागल गाडी इंटर-स्टेट, दोन राज्यांमधली. निपाणी–चिक्कोडी इंट्रा-स्टेट, एकाच राज्याच्या आतली.

निपाणी_क्लास:
हे भारी आहे. अँटीनेटल आणि अँटीबायोटिक? दोन्ही 'अँटी'च म्हणतात.

टिळकवाडीकर:
इथं कानाचा उपयोग नाही, स्पेलिंगच बघायचं. शेवटी ई असलेला 'आधी'चा: अँटीनेटल म्हणजे बाळंतपणाआधीचं, तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं कार्ड) नोंदवतात त्या तपासण्या. ए.एम.मधला ए तोच, अँटे मेरिडिएम, मध्यान्हाआधी. आय असलेला 'विरुद्ध'चा: अँटीबायोटिक, अँटीसेप्टिक.

खानापूर_रोड:
एक भर. अँटिसिपेट आणि अँटीक यांत आय आहे, तरी मूळ 'आधी'चंच. अँटिसिपेट म्हणजे आधीच धरून चालणं, अँटीक म्हणजे पूर्वीचं. हे दोन्ही शब्द वेगळ्या पानावर लिहायला लावा, नाहीतर हुशार पोरं पहिली तिथंच फसतात.