कमिटमधला तिकीट नंबर कधी राहतो, कधी गायब – मदत हवी आहे

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) प्रत्येक कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, मेसेजच्या सुरुवातीला तिकिटाचा नंबर हवा, असं टीममध्ये ठरलं, म्हणजे गिटहबवर (गिटमधला कोड ठेवायची साइट) ते तिकीट, म्हणजे इश्यू, उघडला की कोणता कोड बदलला ते तिथंच दिसतं. हाताने टाकायला सगळेच विसरतात (मी धरून), म्हणून मी प्रिपेअर-कमिट-मेसेज हूक (कमिट करताना गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) लिहिला. ब्रँचच्या (त्या कामासाठीच्या कोडच्या वेगळ्या शाखेच्या) नावात 412 असेल तर तो मेसेजच्या अगदी पुढे '#412' चिकटवतो.

गंमत अशी की मी टर्मिनलवर कमांडमध्येच '-एम' देऊन मेसेज लिहितो, तेव्हा नंबर नीट उमटतो. सहकारी एडिटरमध्ये लिहिते, तिची अख्खी पहिली ओळच जाते! काल तिने लिहिलं '#412 लॉगिनचा टाइमआउट वाढवला', खाली एक ओळ सोडून 'जुनी टेस्टही दुरुस्त केली'. लॉगमध्ये (कमिट्सच्या यादीत) शीर्षक काय, तर 'जुनी टेस्टही दुरुस्त केली'. एकच ओळ लिहिली तर मेसेज रिकामा आहे म्हणून गिट कमिटच करत नाही. हूक दोघांकडे तोच, अक्षरन् अक्षर ताडून पाहिला.

प्रतिसाद १:
हूक बरोबर आहे, घोळ '#'चा आहे. मेसेज एडिटरमधून आला की गिट '#'ने सुरू होणाऱ्या ओळी कमेंट, म्हणजे मेसेजचा भाग नसलेली टीप, समजून काढून टाकतं. '-एम'ला एडिटर उघडतच नाही, म्हणून तुम्ही वाचलात. कोअर.कमेंटचार या सेटिंगने ते चिन्ह बदलता येतं, पण प्रत्येकाच्या मशीनवर करत कोण बसणार? नंबर मागे न्या: 'लॉगिनचा टाइमआउट वाढवला (#412)'. अमेंड करताना, म्हणजे शेवटचं कमिट दुरुस्त करताना, हूक पुन्हा चालतो, तेव्हा नंबर आधीच आहे का तेही तपासा, नाहीतर दोनदा लागेल. आणि हूकमध्ये 'फिक्सेस #412' घालायचा मोह टाळा. असं कमिट डीफॉल्ट (मुख्य) ब्रँचमध्ये पोचलं की इश्यू बंद होतो, काम अर्धं असलं तरी.

धागालेखक:
हात्तिच्या! कंसात मागे टाकलं, दोघांकडेही चाललं. पण आधीच पुश झालेली (गिटहबवर गेलेली) सात-आठ कमिट्स बिननंबराची आहेत. रीबेस करून (जुनी कमिट्स नव्याने लिहून) मेसेज बदलू का?

प्रतिसाद २:
अजिबात नको. हॅश (कमिट्सचे ओळख-क्रमांक) बदलतील, आणि त्यावर काम करणारे सगळे तुमच्या नावाने खडे फोडतील. 412 मध्ये एक कमेंट लिहून त्यात त्या कमिट्सचे हॅश चिकटवा. रेपो (कोडचा साठा) तोच असेल तर गिटहब स्वतःच लिंक करून देतं.