गायतोंड्यांना कट्टा लागला होता की नाही?

कोळशाची_रेघ
अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचा विषय निघाला की सगळे थेट निजामुद्दीनच्या त्या खोलीत जाऊन बसतात. १९७२ साली दिल्लीला गेले, एकटे राहिले, वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. झाला ऋषी तयार! त्याआधीची मुंबई कोणी मोजायची? १९४८ ला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले आणि लवकरच प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या, मंडळींत मिसळले. मग वॉर्डन रोडची भुलाभाई इन्स्टिट्यूट. तिथेच हुसेनचा स्टुडिओ, तिथेच अल्काझींच्या नाटकांच्या तालमी, रविशंकरांचा संगीताचा वर्गही तिथेच. माझं म्हणणं, हा कट्टा नसता तर गायतोंडे घडले नसते.

फिक्कट_निळा
भिंतीला भिंत लागून असली म्हणजे प्रभाव पडला का? हुसेनचा घोडा आणि गायतोंड्यांचा कॅनव्हास शेजारी ठेवा आणि दाखवा, काय उसनं घेतलंय. तुमच्या ग्रुपचं म्हणाल तर १९४७ ला निघाला, सूझा १९४९ ला लंडनला, रझा १९५० ला पॅरिसला. सतरंजी पसरेपर्यंत मंडळी उठलीसुद्धा.

आणि त्यांचं काम बघा. रोलरने रंग फिरवायचा, सुरीने खरवडायचा. कागदाचे फाटके तुकडे घेऊन रंग कॅनव्हासवर चढवायचा, नको तिथला उचलायचा. रंग कितपत ओला आहे हे हातालाच कळतं. तिथे मित्र काय करणार, चहा आणणार?

गेरू_आणि_चुना
चहा आणणाराही लागतो हो! ग्रुपमधल्याच चित्रकार आरांचं बघा. हैदराबादजवळच्या बोलारमहून मुंबईत आलेला पोरगा, घरगडी म्हणून राबला, गाड्या धुतल्या. हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले लँगहॅमर, टाइम्सचे कलादिग्दर्शक, त्यांनी त्याची चित्रं पाहून पाठीवर हात ठेवला. आरांना कुंचला कसा धरायचा हे त्यांनी शिकवलं असं मी म्हणत नाही. पण कोणीतरी बघतंय, एवढ्यावर माणूस उद्याचं चित्र काढतो.

फिक्कट_निळा
त्याला आधार म्हणा, प्रभाव नको. आमच्या कॉलेजात आम्ही चौघं एकाच खोलीत रंगवायचो. दोन वर्षांनी चौघांच्या चित्रांत तोच गेरू, तीच खिडकी, खिडकीत तोच कावळा. प्रदर्शनात एका बाईंनी माझ्याच चित्रासमोर उभं राहून मला मित्राचं नाव विचारलं. मैत्री अजून टिकून आहे, चित्रं मी रद्दीत घातली.

कोळशाची_रेघ
कावळ्याबद्दल सहानुभूती. :) पण तुम्ही गायतोंड्यांनी काय घेतलं तेवढंच विचारताय, दिलं काय ते बघा ना. नसरीन मोहमदी, त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान, भुलाभाईतच काम करायच्या. त्यांच्या सुरुवातीच्या कामात गायतोंडे स्पष्ट दिसतात: रंगाचे पातळ थर, आकार विरघळत गेलेले. पुढे बाईंनी रंगच टाकला. कागद, पेन्सिल, शाई आणि पट्टीने ओढलेल्या रेषा. त्यात गायतोंडे शोधून सापडत नाहीत. तुमच्या चौघांचं बिनसलं ते एकत्र बसल्यामुळे नाही, वेळेवर न उठल्यामुळे.

फिक्कट_निळा
लागलं! तरी दिल्लीच्या खोलीवरचा माझा हट्ट मी सोडत नाही. नसरीनबाईंची ती सुरुवातीची चित्रं मात्र मी पाहिलेली नाहीत, फक्त रेषाच माहीत होत्या. छापील कुठे मिळतील?