मदत हवी आहे: ओतात भराव, पूररेषेची पातळी कुठून मिळेल?

सांगलीत शामरावनगरच्या बाजूला नव्या गृहप्रकल्पासाठी ओतात (पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक सखल पट्ट्यात) सुमारे ६ फूट मुरूम टाकलाय. ओत बुजला की पाऊस साचतोच, पुराचं पाणी ओसरायलाही वेळ लागतो. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोका पातळी ४५ फूट.

मंजूर नकाशा माहिती अधिकारात मिळालाय. त्यात जागा निळ्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषेच्या मध्ये दिसते, म्हणजे बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. पण नकाशावर ती पातळी लिहिलेलीच नाही, भरावाचा उल्लेखही नाही. लेखी तक्रार दिली आहे; पावसाळ्याआधी काम थांबायला हवं.

त्या गटासाठी लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, सही-शिक्क्यासह, पाटबंधारेकडून कोणत्या अर्जाने मिळते? आणि मोजणी नकाशात ओत नसेल तर नैसर्गिक प्रवाहाचा पुरावा म्हणून काय चालतं?