मदत हवी आहे: 'अफेक्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

आंदोलनांतल्या भावनांवर प्रबंध लिहितोय, त्याच्या तिसऱ्या प्रकरणात गाडं अडलंय, जाणकारांनी हात द्यावा.

अर्थतज्ज्ञ मॅन्सर ओल्सनने १९६५ साली मांडलेला हिशेब असा: फायदा सगळ्यांनाच मिळणार असेल, तर शहाणा माणूस घरी बसतो आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो. मग लोक रस्त्यावर येतात कसे? गर्दीत अक्कल गहाण पडते, हे गर्दीच्या मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या फ्रेंच ले बॉनचं (१८९५) उत्तर मला मुळीच पटत नाही. एड्सबाबतच्या सरकारी अनास्थेविरुद्धचं अमेरिकेतलं आंदोलन घ्या. ११ ऑक्टोबर १९९२ला कार्यकर्त्यांनी आपल्या गेलेल्या माणसांची रक्षा कुंपणावरून व्हाइट हाउसच्या हिरवळीवर टाकली. दुःख होतं, संताप होता, पण कुणाला जाब विचारायचा ते पक्कं ठाऊक होतं. समाजशास्त्रज्ञ डेबोरा गूल्ड यांनी या आंदोलनात समलिंगी असण्याच्या लाजेचा राग कसा झाला, ते दाखवलंय.

अडचण शब्दाची. 'इमोशन' म्हणजे भावना, ठीक. पण नाव मिळण्याआधीच अंगात उठणारी ती खळबळ, म्हणजे 'अफेक्ट', तिला काय म्हणू? 'भाव' लिहिलं की आमचे मार्गदर्शक थेट काव्यशास्त्रातल्या रससिद्धान्तावर घसरतात!

आणि एक. मुलाखतीत लोक जुना राग आठवून सांगतात, तो तेव्हाचा की आजचा, हे कसं ओळखायचं? कुणी असं काम केलंय का?