मदत हवी आहे: पारव्याचा एक डोळा बंद, पापणीवर फोड. काढू का?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

डोंबिवली, तिसरा मजला. सोमवारी सकाळी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले तर वॉशिंग मशीनमागे एक पारवा अंग फुगवून बसलेला. हाकलला तरी उडेना. एरवी यांना हाकलून हाकलून माझा दंड दुखतो, म्हणून शंका आली. जवळून पाहिलं तर उजवा डोळा चिकटून पार बंद. वरच्या पापणीवर तुरीच्या डाळीएवढा पिवळट तपकिरी फोड, चोचीच्या कोपऱ्यात आणखी दोन बारके. डावा डोळा स्वच्छ. मान सरळ आहे, पंख दोन्ही नीट.

बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल घालून ठेवलाय. ज्वारी टाकली तर चोच मारतो, पण दाण्याच्या शेजारी. दाणा तिथेच. दोन-चारदा असं झालं की गप्प बसतो. शी अगदी थोडी आणि गडद हिरवी. आणि हे कबूल करते: नवऱ्याचे डोळे आले होते तेव्हाचे ड्रॉप्स उरले होते, त्यातला एक थेंब घातला. सासूबाई मध घाल म्हणत होत्या, त्यांना कसंबसं थांबवलं.

डोळा कशाने दुखावलाय की रोग आहे? तो फोड कोमट पाण्याने भिजवून काढला तर डोळा उघडेल का? शिवाय सासूबाईंना दमा आहे, आणि दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण झाल्यापासून सोसायटीच्या ग्रुपवर कबुतराचं नाव काढायची सोय नाही. जवळच्या दवाखान्यात फोन केला, तर ‘आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो’.

रानवाट:
फोडाला हात लावू नका. काढलात तर रक्त येईल, पापणी फाटेल आणि डोळा कायमचा अर्धवट राहील.

ड्रॉप्स आजच बंद. बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा. ती स्टिरॉइडं. बुबुळावर ओरखडा असेल तर तो भरायचा सोडून चिघळतो.

तुम्ही सांगताय त्यावरून ही पक्ष्यांची देवी (पॉक्स) वाटते. विषाणूचा आजार, डासांमार्फत पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. फोड पिसं नसलेल्या जागी येतात: पापण्या, चोचीचे कोपरे, पाय. नुसता डोळा सुजून पाणी येत असतं तर मी वेगळं म्हटलं असतं. तो जंतुसंसर्ग असतो, आणि त्यातला एक प्रकार माणसालाही होतो. पक्ष्यांची देवी माणसाला होत नाही. तरी हात साबणाने धुवाच.

एक काम करा. टॉर्च मारून चोचीच्या आत बघा. पनीरच्या चुऱ्यासारखं पिवळं काही चिकटलेलं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. ते वाढलं तर गिळता येत नाही, श्वासही अडतो.

निशिगंध:
आत बघितलं, गुलाबी आहे, पिवळं काही नाही. ड्रॉप्समध्ये डेक्सामेथासोन निघालं. 🤦 पापणी थोडी हलली तेव्हा आतून पांढुरका पडदा सरकल्यासारखं वाटलं, तो मोतीबिंदू का?

रानवाट:
नाही हो, ती तिसरी पापणी. सगळ्याच पक्ष्यांना असते.

गावाकडचा:
आमच्या कोंबड्यांना येते तशीच ही. आजी हळद आणि करंजाचं तेल लावायची, तीन-चार आठवड्यांत खपल्या पडायच्या. न लावलेल्या कोंबडीच्याही तेवढ्याच दिवसांत पडायच्या, पण श्रेय तेलाला. डोळ्याजवळ तेल-बिल काही लावू नका. कोंबडी यात मरायची ती देवीने नाही, उपाशी राहून. डोळे मिटले की दाणा दिसत नाही.

रानवाट:
हेच लिहायला परत आलो. दाण्याच्या शेजारी चोच मारणं म्हणजे अंदाज चुकतोय, आणि ती गडद हिरवी शी उपाशीपोटाची. तुम्हाला भरवावं लागेल. फ्रोझन मटार कोमट पाण्यात टाकून मऊ करा. पारवा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, चोच हलकेच उघडून एकेक दाणा जिभेच्या मागे सोडा, तो गिळतो. एका वेळी ३०-४०, दिवसातून दोन-तीनदा. मात्र गळ्याखालची पिशवी हाताला रिकामी लागल्याशिवाय पुढचं जेवण नाही. ड्रॉपरने पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जाईल. खोलगट वाटीत चोच बुडवा, नाकपुड्या वर राहू देत. पारवे चोच बुडवून ओढूनच पितात, मान वर करून नाही. डोळा पुसायला मेडिकलमधलं ०.९ टक्के सलाइन आणि कापूस, तेही फक्त चिकटा निघेल इतकंच. आणि खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका, नाहीतर डास याला चावून बाकीच्या पारव्यांकडे जातील.

खिडकीतली:
स्पष्ट बोलते, राग मानू नका. पिसांच्या आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. माझ्या घरात हे झालंय. दमेकरी माणूस असताना घरात नको.

निशिगंध:
राग नाही. खोकं बाल्कनीतच आहे, मधलं दार बंद. कागद रोज पाणी शिंपडून गुंडाळते, झाडू अजिबात नाही, मास्क लावते. सासूबाईंना तिकडे यायला बंदी. त्या काचेतून बघतात आणि सूचना देतात.

निशिगंध (पाचवा दिवस):
ठाण्यात पक्षी बघणारे डॉक्टर मिळाले. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं, बुबुळावर जखम नाही. देवीच म्हणाले. विषाणूवर औषध नाही, वरून दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक मलम दिलं. पिल्लूच आहे म्हणे: डोळा अजून तपकिरी, केशरी झालेला नाही, मानेवर पिवळे केस चिकटलेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन १९५ ग्रॅम होतं (वर प्लास्टिक घालून, ओरडू नका), आज २१०.

बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या केल्या. दोन ताटल्यांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. म्हणजे आजार आमच्याकडूनच गेला असेल तर नवल नाही.

निशिगंध (बाविसावा दिवस):
मोठी खपली टॉवेलात सापडली. डोळा उघडलाय, पापणीच्या कडेला छोटीशी खाच राहिलीय. वजन २६०. ज्वारी स्वतः टिपतो, नेम चुकत नाही. सोडू का?

रानवाट:
चोचीजवळचे फोडही पडलेत ना? एकही खपली असेपर्यंत दुसऱ्यांना लागण होऊ शकते. आणि बंद खोलीत उडवून बघा, नीट वळतो का.

निशिगंध (सत्ताविसावा दिवस):
सगळे पडले, खोलीत दोन फेऱ्या मारून पडद्याच्या दांडीवर बसला. आज सकाळी सोडला. समोरच्या विंगच्या एसीवर आधीच सात-आठ होते, त्यांच्यात जाऊन बसला. सासूबाई काचेतून विचारत होत्या, यातला आपला कुठला. मलाही सांगता येईना, खाच एवढ्या लांबून दिसत नाही. रानवाट, गावाकडचा, मनापासून आभार. आता बाल्कनीला जाळी लावून घ्यायची आहे, त्याचा धागा वेगळा काढते.