मदत हवी आहे: यिडिश गाणी, ब्रंच आणि लोअर ईस्ट साइडची पायी फेरी

नमस्कार मंडळी. एडिसनहून आम्ही १४ जण पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कला यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) संगीताच्या ब्रंचला जातोय. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून रविवार धरलाय.

सोबत अलिबागकडच्या एक बेने इस्रायली (कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या) मावशी आहेत. त्यांच्या घरात मराठीच, यिडिश कधी कानावर पडलेली नाही. पण क्लेझमरमधला (पूर्व युरोपी ज्यूंच्या पारंपरिक वाद्यसंगीतातला) क्लॅरिनेट फोनवर ऐकवला, तर चहाचा कप हातातच धरून डोळे मिटून बसल्या. खरं तर त्यांच्यासाठीच हा सगळा बेत.

अडचण अशी की मावशी कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धार्मिक नियम, काटेकोर पाळतात. नुसतं ‘कोशर स्टाइल’ (तसे पदार्थ, पण कोशर प्रमाणपत्र नाही) त्यांना चालत नाही, आणि ब्रंचवाल्यांकडून नीट उत्तर मिळत नाहीये. लोअर ईस्ट साइड भागात कोशर प्रमाणपत्र असलेलं, मांसाऐवजी दुधाचे पदार्थ देणारं हॉटेल कुणाला माहीत आहे का? आमच्यातल्या शाकाहाऱ्यांचीही सोय होईल.

नंतर एल्ड्रिज स्ट्रीटचं १८८७ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि ईस्ट ब्रॉडवेवरची ‘फॉरवर्ड’ या यिडिश दैनिकाची जुनी इमारत बघायचीय. मावशींचे गुडघे दुखतात. वाटेत बसायला बाकडी आहेत का? सिनेगॉगमध्ये जिने किती चढावे लागतात? कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर जरूर सांगा.