स्टीलच्या सिंकवरचा पांढरा थर आणि तांबूस ठिपके

प्रश्न:
आमच्याकडे बारमाही बोअरचे पाणी येते. स्टीलच्या सिंकमध्ये नळाच्या बुडाशी आणि जाळीभोवती पांढरट, खरखरीत थर साचला असून भांड्यांच्या साबणाने कितीही घासले तरी तो हलत नाही. भांडी निथळत ठेवतो त्या भागावर हल्ली तांबूस ठिपकेही दिसू लागले आहेत. ओटा कडप्प्याचा आहे. घरातल्याच वस्तूंनी हे निघेल का?

प्रतिसाद १:
पांढरा थर म्हणजे जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आहेत. त्यांवर साबणाचा काही उपयोग होत नाही, आम्लाचा होतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून त्यात जुने सुती फडके भिजवा आणि ते थरावर दहा-पंधरा मिनिटे चिकटवून ठेवा. बारीक बुडबुडे येऊन थर भुसभुशीत होतो आणि मऊ घासणीने सहज निघतो. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस किंवा वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून वापरा. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो: कडप्पा हा चुनखडीचाच दगड असल्यामुळे त्यावर आम्ल सांडले की त्याची झिलई जाऊन फिकट चट्टा पडतो, आणि तो धुऊन जात नाही. म्हणून सिंकच्या कडेला आधी कोरडे जाड फडके अंथरा.

प्रतिसाद २:
तांबूस ठिपके पाहून सिंकच गंजले असे लगेच समजू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि हवेशी संयोग होऊन त्याचा डोळ्यांना न दिसणारा संरक्षक थर पृष्ठभागावर तयार होतो. तारेच्या घासणीने हा थर खरवडला जातो. ती साध्या पोलादाची असेल, तर तिचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर अडकून राहतात आणि पुष्कळदा गंजतात ते हेच कण. खाण्याच्या सोड्याची पाण्यात दाटसर पेस्ट करून ठिपक्यांवर लावा व हलकेच चोळा; तेवढ्याने न गेल्यास लिंबूसत्त्वाचे पाणी लावा. ठिपक्याच्या जागी नखाला खड्डा लागत असेल, तर मात्र धातूच खाल्ला गेला आहे आणि कोणत्याही घरगुती उपायाने तो भरून येणार नाही. असे खड्डे क्लोराइडमुळे पडतात, त्यामुळे ब्लीच, ओले मीठ आणि शौचालयासाठीचे ॲसिड सिंकपासून दूरच ठेवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हेही घरातल्या सर्वांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना अवश्य सांगून ठेवा.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून वापरले तर चालेल का? बरेच जण तसे सुचवतात.

प्रतिसाद १:
धोका नाही, पण फायदाही नाही. फेस भरपूर येतो. मात्र आम्ल आणि सोडा एकमेकांना निष्प्रभ करतात व क्षार विरघळवण्याची ताकद राहत नाही. तेलकट चिकटपणासाठी सोडा आणि क्षारांसाठी व्हिनेगर असे वेगवेगळे वापरावे आणि मध्ये स्वच्छ पाण्याने धुवावे.

प्रतिसाद ३:
झळाळीबद्दल थोडेसे. उजेड तिरपा पडेल असे पाहिले, तर बहुतेक सिंकच्या स्टीलवर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. घासताना हात त्याच दिशेने फिरवावा; गोल घासल्याने ओरखडे उठून दिसतात आणि पृष्ठभाग मंद वाटतो. पूर्ण कोरडे केल्यावर बाहेरच्या कडांवर खोबरेल तेलाचे दोन थेंब सुती फडक्याने पसरून पुसून घेतले, तर बोटांचे ठसे दिसत नाहीत. आतल्या भागाला तेल लावण्यात अर्थ नाही, कारण ते पुढच्याच भांड्यांबरोबर धुऊन जाते. बोअरचे पाणी असेल तिथे रात्रीची भांडी झाल्यावर सिंक कोरड्या फडक्याने पुसण्याला पर्याय नाही, कारण थेंब जागच्या जागी वाळला की त्यातला क्षार तिथेच राहतो.